मत्स्यविनोद

राजेलोकांच्या करमणुकी हा इतिहासलेखकांचा आवडता विषय नव्हे. लढाया, तह, वंशावळी आणि दानपत्रें यांतून सवड सांपडलीच तर एखाद्या तळटिपेंत राजा मृगयेस गेल्याचा उल्लेख येतो, आणि तेथेंच तो संपतो. आम्हीही अनेक वर्षें याच मताचे होतों. परंतु राजमार्गावरून जें दिसत नाहीं तें कधीं कधीं पायवाटेवरून दिसतें, हें आम्हांस थोडें उशिराच कळलें. 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथाचीं पानें चाळतांना एका लहानशा प्रकरणाशीं आम्ही थबकलों. त्या प्रकरणाचें नांव 'मत्स्यविनोद'.

मानसोल्लासाचा कर्ता कल्याणीच्या चालुक्य वंशांतील राजा तिसरा सोमेश्वर. सहाव्या विक्रमादित्याचा हा पुत्र इ. स. ११२६ च्या सुमारास गादीवर आला व ११३८ च्या सुमारास वारला. त्याची कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यांतील बसवकल्याण. महाराष्ट्राचा बराच मुलूख त्या वेळीं याच घराण्याच्या छत्राखालीं होता. ग्रंथाच्या गीतविषयक प्रकरणांत मराठी पद्याचे जुने नमुने आढळतात, म्हणून आपल्या भाषेच्या अभ्यासकांना तो परका नाहीं. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्यें ग. कु. श्रीगोंदेकर यांनीं तो संपादिला. पहिला भाग १९२५ सालीं निघाला, दुसरा १९३९ सालीं.

हा ग्रंथ पांच 'विंशतीं'चा आहे. प्रत्येकींत वीस प्रकरणें, म्हणजे एकंदर शंभर. राज्य कसें मिळवावें व कसें टिकवावें, हें पहिल्या दोहोंत येतें. तिसरींत राजाचे उपभोग आहेत. चवथी विनोदांची. तींत हत्तीघोड्यांचे खेळ, मल्लयुद्धें, कोंबड्यांच्या आणि मेंढ्यांच्या झुंजी, ससाण्याची शिकार, गीत, नृत्य आणि कथा यांच्या पंक्तीला मत्स्यविनोद बसविलेला आहे. पांचवी क्रीडांची असून तींत वनक्रीडा, जलक्रीडा, वालुकाक्रीडा, ज्योत्स्नाक्रीडा अशीं प्रकरणें आहेत. आजच्या बोलींत सांगावयाचें तर हीं सहलींचींच प्रकरणें होत. आप्तइष्टांसह नदीवर जावें, वाळवंटांत खेळावें, चांदण्यांत बसावें, ही हौस आठशें नव्वद वर्षांपूर्वींच्या दक्षिणेंतही अशीच होती, हें वाचून कोणाही सहृदय वाचकाच्या ओठांवर हंसें उमटल्याशिवाय राहणार नाहीं.

मत्स्यविनोदांत मात्र हंसण्यासारखें कांहीं नाहीं. तेथें राजा एकाएकी शास्त्रज्ञ होतो. समुद्रांतले मासे कोणते, नदींतले कोणते. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. लहान, मध्यम व थोर कोणते, अशी तो प्रतवारी लावतो. सुमारें पस्तीस जाती तो नांवानिशीं सांगतो. कोणत्या माशास कोणतें खाद्य रुचतें, आमिषाचे गोळे कशाचे करावे, काठी आणि दोरी कशी असावी, लागलेल्या माशाला ढील कधीं द्यावी आणि ओढ कधीं, हें सारें तो बैजवार लिहितो. १९५१ सालीं प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं या प्रकरणाचा अभ्यास करून एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत तो प्रसिद्ध केला, तेव्हां कोठें विद्वानांचें लक्ष इकडे गेलें.

येथें आमच्या एखाद्या स्वाभिमानी वाचकास असें वाटेल कीं, चला, हाही मान आपलाच! इंग्रजींत गळाच्या मासेमारीवरील निबंध छापला गेला तो १४९६ सालीं, म्हणजे आपल्या सोमेश्वरामागून साडेतीनशें वर्षांनीं. हिशेब खरा आहे. परंतु मॅसिडोनियांतील लोक गळाला पिसें बांधून मासे पकडीत, असें ईलियन नामक लेखकानें सोमेश्वराच्याही सुमारें नऊशें वर्षें आधीं लिहून ठेविलें आहे. तेव्हां पहिलेपणाचा वाद येथें न घातलेलाच बरा. आमचें कुतूहल वेगळें आहे. राज्य चालविणाऱ्या माणसाला पस्तीस माशांचीं नांवें ठाऊक कशीं झालीं? आमच्या मतें याचें उत्तर प्रकरणाच्या शीर्षकांतच आहे. तीं त्याला करवसुलीमुळें ठाऊक झालीं नाहींत, विनोदामुळें झालीं. जो नदीकांठीं निवांत बसतो, त्यालाच नदी आपली ओळख देते.

माशांची यादी करणारा सोमेश्वर हा आपल्याकडील पहिला राजा नव्हे. राज्याभिषेकास सव्वीस वर्षें झाल्यावर अशोकानें जो पांचवा स्तंभलेख कोरविला, त्यांतही कांहीं माशांचीं नांवें आहेत. पण तीं मारूं नयेत अशा प्राण्यांच्या मालिकेंत. वर्षांतील ठराविक दिवशीं मासे मारूं नयेत व विकूंही नयेत, असेंही तेथें बजाविलें आहे. एका राजानें दयेपोटीं यादी केली, दुसऱ्यानें हौसेपोटीं. पहिल्याची परंपरा महाडजवळच्या वाळण कोंडींत दिसते. तेथील मासे देवाचे म्हणून गांवकरी त्यांना धक्का लावीत नाहींत. दुसऱ्याच्या परंपरेचें पुढें काय झालें, तें पाहूं.

विलायतेंत या हौसेला वाङ्मयाचें रूप दिलें आयझॅक वॉल्टननें. हा लंडनमधील एक व्यापारी. जन्म १५९३, मृत्यु १६८३. त्याचा 'द कम्प्लीट अँगलर' हा ग्रंथ १६५३ सालीं निघाला. हें साल लक्षांत ठेवण्याजोगें आहे. चारच वर्षांपूर्वीं पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला होता, यादवी युद्धानें घराघरांत उभी फूट पाडली होती, आणि वॉल्टन स्वतः पडत्या बाजूचा, म्हणजे राजपक्षाचा होता. अशा वेळीं त्यानें काय लिहावें? ली नदीच्या कांठानें चालणारे वाटसरू, खानावळींतलें साधें जेवण, गाणीं, गप्पा आणि मासे! जगाचें भांडण त्यानें नदीच्या अलीकडेच ठेविलें. पुढें १६७६ च्या आवृत्तींत त्याचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन यानें दुसरा भाग जोडला. याच कॉटननें डव्ह नदीच्या कांठीं १६७४ सालीं एक लहानसें घर मासेमारीसाठीं बांधिलें आणि त्याच्या दारावर आपलीं व वॉल्टनचीं आद्याक्षरें एकमेकांत गुंफून कोरविलीं. राजांचे विजयस्तंभ पुष्कळ आहेत. दोन मित्रांच्या सहलींचें असें स्मारक विरळाच.

इंग्रज इकडे आले ते ही हौस बरोबर घेऊन. त्यांतील एक कर्नल साइक्स. १८२४ सालीं मुंबई सरकारनें त्याची नेमणूक दक्षिणेची सांख्यिक माहिती गोळा करण्याकडे केली. लोकसंख्या, पिकें, बाजारभाव यांचे तक्ते भरतां भरतां त्यानें दख्खनच्या नद्यांतील माशांचेंही वर्णन केलें. १८३९ च्या सुमारास तें प्रसिद्ध झालें. त्यांत चाळिसांहून अधिक जाती आहेत, आणि मौज अशी कीं, त्यांपैकीं कित्येकींना त्यानें भोयांच्या तोंडचींच नांवें लॅटिनचा अंगरखा घालून दिलीं. घोगरा, शिंगटी, कोळस हीं आपलीं नांवें अशा रीतीनें जगाच्या शास्त्रांत जाऊन बसलीं. पुण्याच्या पूर्वेस कांहीं मैलांवर मुळामुठेंत मिळालेल्या महासीर जातीच्या माशाला त्यानें 'खुदरी' म्हटलें. आजही शास्त्रज्ञ त्याला त्याच नांवानें ओळखतात. नांवें सांगणारे भोई कोण होते, हें मात्र साइक्सला लिहावेंसें वाटलें नाहीं.

मद्रास इलाख्यांतील अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यानें १८७३ सालीं 'द रॉड इन इंडिया' हें पुस्तक लिहून महासीरच्या शिकारीला शास्त्राची प्रतिष्ठा दिली. नदींत विष कालवून आणि बारीक जाळ्यांनीं पिलें उपसून मासे नष्ट होत आहेत, ही ओरडही त्यानें केली. १८९७ च्या कायद्यानें सुरुंग व विष यांनीं मासे मारण्यास बंदी झाली. साहेबाची हौस राखण्यासाठीं गरिबाच्या पोटावर पाय, असा याचा एक अर्थ कोणी काढील. तो सर्वस्वीं खोटा म्हणतां येणार नाहीं. कारण जीं सरकारी धरणें माशांची वाट अडवितात, त्यांना हा कायदा विचारीत नव्हता. पण नदी रोडावते आहे, हें हौशी माणसाला लवकर दिसलें, एवढें तरी मान्य केलेंच पाहिजे.

या गोष्टीचा अखेरचा अध्याय आमच्याच काळांतला आहे, आणि तोच आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतो. कावेरीच्या खोऱ्यांत पाठीला उंचवटा असलेली महासीरची एक जात होती. तिच्यापैकीं १२० पौंडांचा एक मासा १९४६ सालीं म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यांतील एका गृहस्थांनीं कबिनी नदींत पकडला. गळानें धरलेला तो विक्रमी महासीर मानला जातो. पुढें १९७० नंतरच्या दशकांत लोणावळ्याच्या तलावावर टाटांच्या वीज कंपनीनें खुदरीची पैदास करून फार मोठें काम केलें. मुळामुठेचा हा मासा दुर्मिळ होत चालला होता. त्याचीं लक्षावधि पिलें निपजलीं आणि ठिकठिकाणच्या नद्यांत सोडलीं गेलीं. कावेरींतही सोडलीं. हेतु शुद्ध होता. परंतु पाहुणा घरमालकावर शिरजोर झाला. खुदरी वाढत गेला व कावेरीचा मूळचा मासा जवळजवळ नाहींसा झाला. २०१८ सालीं त्याला प्रथम निश्चित शास्त्रीय नांव मिळालें आणि त्याच सालीं तो अत्यंत संकटग्रस्त ठरला.

हें कळलें कसें? सरकारी दप्तरांतून नव्हे. मासा पकडावा, मोजावा, आणि पुन्हा पाण्यांत सोडावा, अशा नियमानें कावेरीकांठीं मुक्कामाला येणाऱ्या हौशी मंडळींनीं १९९८ ते २०१२ पर्यंत आपल्या नोंदवह्या भरल्या होत्या. किती तास बसलों, काय लागलें, किती वजनाचें, एवढेंच त्यांत असे. पुढें संशोधकांनीं त्या वह्या उघडल्या, तेव्हां एका जातीचा ऱ्हास वर्षावर्षानें कागदावर उमटलेला दिसला. सोमेश्वराच्या विनोदाचा हा शेवट त्यालाही अपेक्षित नसेल. करमणुकीच्या वहीनें साक्षीदाराचें काम केलें.

हें वाचलें त्या दिवसापासून आमच्या मनाला एक चुटपुट लागून राहिली आहे. ती येथें सांगून टाकतों.

आमचें आजोळ भीमेच्या कांठीं होतें. उन्हाळ्याच्या सुटींत थोरले मामा आम्हां भावंडांना पहाटे डोहावर नेत. घरांत मासे शिजत नसत. आजीचा तसा दंडकच होता. पण मामांना गळ टाकून बसण्याचा नाद, आणि त्यांचे सोबती एक वयस्क भोई, ज्यांना आम्ही सारीं मुलें तात्या म्हणत असूं. मासा लागला तर तो तात्यांच्या घरीं जावयाचा, असा दोघांतला जुना करार. दोरीला तरंगण्यासाठीं ज्वारीच्या ताटाचें पेर बांधलेलें असे. तें कसें बुडतें, एकदम कीं थरथरत, यावरून मासा वर येण्यापूर्वींच तात्या त्याचें नांव सांगत. आणि तें क्वचितच चुकत असे. सूर्य वर आला म्हणजे आई आणि मामी भाकरी, पिठलें, कांदा घेऊन येत. आम्ही वाळूंत झरे खणीत असूं. सोमेश्वराच्या वालुकाक्रीडेंत याहून अधिक सुख असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

१९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें आणि तो डोह, तें वाळवंट, सारें फुगवट्याखालीं गेलें. धरणानें हजारों एकर भिजले, हें आम्ही विसरत नाहीं. पण तात्या त्यानंतरही पुष्कळ वर्षें हयात होते. आम्ही पदवी घेतली, इतिहासाचे अध्यापक झालों, साधनांवांचून इतिहास नाहीं हें वर्गावर्गांतून घसा कोरडा करून सांगितलें. सुटींत तात्यांची भेट झाली कीं प्रकृतीची विचारपूसही केली. मात्र वही उघडून त्यांच्यापुढें बसावें आणि त्या डोहांतील माशांचीं नांवें उतरून घ्यावीं, असें एकदांही आमच्या मनांत आलें नाहीं. साइक्सनें भोयांचीं नांवें गाळलीं म्हणून त्याला दोष देण्याचा आम्हांस काय अधिकार? त्यानें निदान माशांचीं नांवें तरी लिहून घेतलीं. तात्या गेले, मामाही गेले. त्या नांवांपैकीं आज आम्हांस सहासात आठवतात.

गेल्या मार्गशीर्षांत मुलीला आणि दोन भाच्यांना घेऊन आम्ही मावळांत एका नदीवर गेलों होतों. धरणाच्या वरचें पाणी, म्हणून अद्याप नितळ. कांठावर एक दहाबारा वर्षांचा पोरगा गळ टाकून बसला होता. त्याच्या टोपलींतल्या बोटभर माशाकडे पाहून मुलीनें आम्हांस विचारलें, "बाबा, हा कोणता मासा?" आम्ही निरुत्तर झालों. पोरानें मात्र मान वर न करितां नांव सांगितलें. आम्ही खिशांतून कागद काढून तें लिहून घेतलें, आणि खालीं त्या पोराचेंही नांव लिहिलें. तें माशाचें नांव साइक्सच्या यादींतल्या कोणत्या नांवाशीं जुळतें, याचा शोध आम्ही अद्याप करीत आहों.