तर्री पोहे, मगनवाडीचं सोयाबीन अन् आपली मैदानं

सकाळी साडेपाचला अंबाझरी किंवा सेमिनरी हिल्सकडे चक्कर मारून पाहा. अर्धं नागपूर तिथं चालताना दिसेल. कोणी पळतंय, कोणी ओपन जिमच्या दांड्याला लटकलंय. अन् सात वाजता त्यातलेच निम्मे लोक तर्री पोह्यांच्या ठेल्यावर! मीही त्यातलाच, म्हणून हसायचा हक्क आहे.

आपल्याला वाटतं हे फिटनेसचं वेड नवीन आहे. तसं नाही राजेहो. नव्वद-शंभर वर्षांपूर्वी आपल्या विदर्भात शरीर कमावणं आणि नीट खाणं हा सार्वजनिक प्रश्न होता. माणसं त्यासाठी संस्था उभ्या करत होती.

सुरुवात अमरावतीपासून करू. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी तिथं हनुमान व्यायामशाळा काढली. तीच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाली. लाल माती, मल्लखांब, लाठी, लेझीम, जोर-बैठका. फार पैसा लागेल असं त्यात काहीच नव्हतं. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाचा चमू जर्मनीत गेला आणि त्यानं कबड्डीसारखे आपले देशी खेळ जगाला करून दाखवले. वऱ्हाडातल्या मोकळ्या मैदानावर तयार झालेली पोरं होती ती!

त्याच १९३६ सालच्या एप्रिलमध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला गेले. तेच आजचं सेवाग्राम, नागपूरहून जेमतेम ७५ किलोमीटर. रोज सकाळ-संध्याकाळ फिरायला जाणं हा त्यांचा नेम होता. पण आपल्यासाठी जास्त महत्त्वाची गोष्ट त्याआधीची आहे. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जमनालाल बजाजांनी त्यासाठी आपली बाग आणि बंगला दिला, तीच मगनवाडी. काम पाहायला होते जे. सी. कुमारप्पा. परदेशात शिकलेला हा अर्थशास्त्रज्ञ बैलघाणीच्या तेलाचा, हातसडीच्या तांदळाचा आणि गुळाचा हिशेब मांडत बसायचा.

हिशेब सोपा होता. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र होतो, कारण वरचा कोंडा निघून जातो, अन् त्याच्याबरोबर ब जीवनसत्त्वही जातं. हातसडीत ते बरंचसं टिकतं. शिवाय सडणाऱ्या बाईची मजुरी गावातच राहते. म्हणजे तब्येत आणि रोजगार एकाच वहीत! मगनवाडीत कच्च्या पालेभाज्या खाण्याचे प्रयोग झाले. १९३५ मध्ये सोयाबीन ताटात आणून पाहिलं गेलं. कशासाठी? तर गरिबाला परवडणारं प्रथिन हवं म्हणून.

१९३६ मध्येच तुकडोजी महाराज सेवाग्रामला राहून आले. पुढे १९५५ च्या ग्रामगीतेत त्यांनी आरोग्य आणि व्यायाम हे गावाच्या कारभाराचे विषय मानले. आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, हे पदवीच्या कागदावर आपण वाचतोच.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे नुसतं गौरवगान होईल. आखाड्याची माती तेव्हा सगळ्यांच्या अंगाला लागत नव्हती. ज्यांना विहिरीवर मज्जाव, त्यांना तालमीत कोण घेणार? म्हणून बाबासाहेबांच्या चळवळीत समता सैनिक दलाला इतकं महत्त्व आलं. जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित वर्गाची परिषद भरली, तेव्हा महिलांची परिषद आणि दलाचं अधिवेशनही इथंच झालं. कवायत आणि शिस्त हा तिथं स्वाभिमानाचा भाग होता.

मग बिघडलं कुठं? रेशनवर गहू-तांदूळ आले आणि ज्वारीची भाकर गरिबीची खूण ठरली. शेतात कापूस आणि सोयाबीन वाढलं, ज्वारी मागं हटली. आज विदर्भात सोयाबीन ढिगानं पिकतं, पण ते तेलगिरणीत जातं आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. प्रथिनासाठी आपण मात्र महागडे डबे विकत घेतो. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, तेव्हा आजीची भाकर हॉटेलच्या मेनूवर ‘मिलेट’ म्हणून परत आली. भाव विचारू नका!

मैदानांचंही तेच. कुठं लॉन झाले, कुठं पार्किंग, कुठं बारा महिने प्रदर्शनं अन् सभा. ज्याच्याकडे पैसा आहे तो एसी जिममध्ये जातो. ज्याच्याकडे नाही, तो नागपूरच्या उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत रस्त्याच्या कडेनं ट्रकचा धूर खात चालतो. अन् वस्तीतल्या मुलींनी पळायचं कुठं?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. फिटनेस हा ज्याच्या-त्याच्या इच्छाशक्तीचा विषय म्हणून सोडून देऊ नका. नगरसेवक मत मागायला आला की तीन गोष्टी विचारा: प्रभागात खेळायला मोकळं मैदान किती? पहाटे तिथं दिवे असतात का? बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का? शाळेच्या पोषण आहारात ज्वारी, जवसाची चटणी का नको, हेही विचारा.

तर्री पोहे मी सोडणार नाही, आधीच सांगतो. पण रविवारीच.

तुमच्या मोहल्ल्यात कोणता जुना आखाडा होता, अन् आज त्या जागेवर काय आहे? खाली लिहा. निदान यादी तरी होईल.