दंतवैद्याची खुर्ची

1881 च्या ऑगस्टात न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात एक दारुडा कामगार वीजकेंद्रात शिरला, चालू जनित्राला हात लावला आणि जागच्या जागी मेला. इतकं झटपट आणि बिनवेदनेचं मरण आल्फ्रेड साउथविकच्या डोक्यात घर करून बसलं. वेदना झाल्या की नाही, हे विचारायला मेलेला माणूस अर्थातच उपलब्ध नव्हता.

साउथविक आधी बोटीवरचा इंजिनिअर, मग दंतवैद्य. त्यामुळे विजेने माणूस मारायचा तर त्याला खुर्चीतच बसवायचं, हे त्याच्या धंद्याला साजेसंच होतं. फाशीला पर्याय शोधायला राज्याने 1886 मध्ये समिती नेमली, तिच्यावर तोही होता. त्याने एडिसनचा सल्ला मागितला. एडिसन मुळात देहदंडाच्या विरोधात. पण डीसी वीज विकणाऱ्या या गृहस्थाने अखेर प्रतिस्पर्धी वेस्टिंगहाउसची एसी यंत्रं सुचवली! सल्ला म्हणावा की जाहिरात? पुढे हॅरल्ड ब्राउन नावाच्या वीज-अभियंत्याने एडिसनच्याच प्रयोगशाळेत कुत्री, वासरं आणि एक घोडा एसी विजेने मारून दाखवला.

विजेने देहदंड देण्याचा राज्याचा नवा कायदा 1 जानेवारी 1889 पासून लागू झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मॅनहॅटनमध्ये भर दुपारी एक लाइनमन खांबावरच्या तारांच्या जंजाळात शॉक लागून मेला. प्रेत तारांतच अडकलं होतं आणि खालून हजारो लोक बघत होते. त्यानंतर रस्त्यांवरच्या तारा उतरवायला महापालिकेने कुऱ्हाडी चालवल्या.

खुर्चीला मात्र कोणी हात लावला नाही. कुऱ्हाडीने बाईचा खून करणाऱ्या बफेलोच्या विल्यम केमलरचं अपील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि फेटाळलं गेलं. 6 ऑगस्ट 1890 रोजी ऑबर्नच्या तुरुंगात त्याला खुर्चीला बांधलं. सतरा सेकंद प्रवाह सोडला, डॉक्टरांनी तो मेल्याचं सांगितलं. साउथविक तिथे हजर होता आणि खूशही होता. तेवढ्यात केमलर श्वास घेताना दिसला. पुन्हा खटका दाबायचा तर जनित्राला वेग धरायला वेळ हवा होता. दुसऱ्या खेपेला प्रवाह मिनिटाहून जास्त चालला, खोलीत जळक्या मांसाचा वास भरला, काही साक्षीदारांनी दाराकडे धाव घेतली.

सगळ्याला मिळून आठेक मिनिटं लागली. तरीही ओहायो, मॅसॅच्युसेट्स आणि पुढे अमेरिकेच्या ताब्यातल्या फिलिपिन्सनेही हीच खुर्ची उचलली. केवळ हीच पद्धत ठेवणारं शेवटचं राज्य नेब्रास्का. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिला क्रूर ठरवून घटनाबाह्य म्हटलं ते 2008 मध्ये.