कुरणातली शाळा

मूल शाळेत येत नाही, ही तक्रार शाळाखात्याइतकीच जुनी असावी. तिच्यावरचे उपायही ठरलेले. पालकांना समज द्यावी, हजेरीपटावर लाल शाईच्या खुणा कराव्यात आणि वर्षअखेरीस नाव कमी करून मोकळे व्हावे. डहाणू तालुक्यात दोन बायकांनी मात्र ही तक्रारच उलटी करून पाहिली.

त्यांतल्या ताराबाई मोडक आम्हां वैदर्भीयांना अगदीच परक्या नव्हेत. लग्नानंतरची काही वर्षे त्यांनी अमरावतीस काढली होती. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्या बालशिक्षणात पडल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. मॉंटेसरीबाईंची पद्धत त्यांनी मनापासून स्वीकारली होती. पण ही पद्धत रोममध्ये १९०७ साली मजुरांच्या चाळीत जन्मली आणि आपल्याकडे येईपर्यंत खाशा लोकांची झाली! लहानमोठे लाकडी दट्टे, गुळगुळीत मणी, रंगीत पाट्या. एवढे सामान कोणत्या खेड्याला परवडणार?

१९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. बालविधवा असूनही शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली तीच मुले येईनात. तेव्हा या बायका स्वतःच उठून, त्या काळी हरिजनवाडा म्हणत त्या वस्तीत गेल्या आणि तिथल्याच अंगणात मुले जमवून बसल्या. तीच अंगणवाडी. दट्ट्यांच्या जागी खडे आले, मण्यांच्या जागी बिया आणि शिंपले. लहान पानापासून मोठ्या पानापर्यंत ओळ लावताना डोळ्यांना जे वळण लागते, त्यासाठी परदेशी लाकूड लागत नाही.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर आले, तेव्हा पेच अधिक अवघड झाला. वारली मुलाच्या मागे गुरे असत. गुरे सोडून ते अंगणातदेखील येणार कसे? म्हणून बाई कुरणात गेल्या. गुरे चरताहेत, मुले झाडाखाली बसली आहेत, काटकीने मातीवर अक्षर काढले जात आहे, अशी ती कुरणशाळा. आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणाऱ्या मुलींसाठी विकासवाडी झाली. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी असत.

हल्ली शहरातल्या शाळा कुंपणाच्या आत चार झाडे लावून 'निसर्गवर्ग' उघडतात. त्यात वाईट काही नाही, पण कोसबाडची गोष्ट निराळी. तिथे मुलाला निसर्ग दाखवायचा नव्हताच. झाडांची नावे त्याला बाईंपेक्षा जास्त ठाऊक असणार. ते जिथे राबत होते, तिथे शाळेला जागा हवी होती.

हे मी भंडारा जिल्ह्यात बसून लिहितो आहे, आणि इथला मास्तर हे वाचून गप्प बसू शकत नाही. चैत्रात मोहफुले गळू लागली की झाडीतली पोरे पहाटेच टोपल्या घेऊन निघतात. मग वर्गात डुलक्या काढतात, नाहीतर येतच नाहीत. रोवणीच्या दिवसांत आई बांधीत असते आणि घरी धाकटे सांभाळायला थोरली. वास्तविक आमच्याकडे कुरणाहून सरस जागा आहे. कोहळी लोकांनी बांधलेले जुने मालगुजारी तलाव गावोगाव आहेत. पाळीवर उभे राहून तुडुमातून, म्हणजे पाणी सोडण्याच्या तोंडातून, कोणाच्या बांधीत आधी पाणी जाते हे पाहिले, तर गणित, भूगोल आणि गावातली भांडणे एकाच तासात कळतील. पण तलाव आमच्या पुस्तकात चित्रापुरता येतो.

ताराबाई १९७३ साली वारल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोचला. त्या योजनेने पोषण, लसटोचणी, वजनाचा काटा ही मोठीच कामे अंगावर घेतली. त्यांचे मोल कमी नाही. मात्र अंगणाची हळूहळू खोली झाली, आणि 'कुरणशाळा' हा तिच्या जोडीचा शब्द मागेच राहिला. अनुताई १९९२ साली वारल्या, तोवर कोसबाडचे काम त्यांनी चालवले.