देवगडचा चुना
सौंसरच्या उत्तरेस, सातपुड्यात गोंड राजांचा देवगड किल्ला आहे. नागपूर वसविणारा बख्त बुलंद शाह येथलाच. औरंगजेबाच्या काळात त्याने इस्लाम स्वीकारला. इतिहासात राजांची नावे येतात, भिंती धरून ठेवणाऱ्या चुन्याचे क्वचितच. चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजली की तिच्यातील कर्बवायू निघून जातो. विझवलेला चुना हवेतून तोच वायू परत घेत वर्षानुवर्षे घट्ट होत राहतो. बारीक भेगा तर तो ओलाव्याच्या साह्याने स्वतःच बुजवतो. १८२४ साली पेटंट झालेले पोर्टलंड सिमेंट लवकर आणि अधिक कठीण होते, परंतु ओल कोंडते. अशा जुन्या भिंतीची डागडुजी सिमेंटने केल्यास ती ओल विटांतून वाट काढते, क्षार साचतात. सांधा शाबूत राहतो आणि वीटच झडते.