जांघ आणि वंक्षण

संस्कृतात ‘जङ्घा’ म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा पाय आणि मांडी ओटीपोटाला मिळते तो भाग ‘वंक्षण’. मराठीत मात्र ‘जङ्घा’ची ‘जांघ’ होताना हा शब्द वर सरकत थेट वंक्षणाच्या जागी येऊन बसला, आणि ‘वंक्षण’ वैद्यकाच्या ग्रंथांपुरता उरला. तिथे त्याचे काम आहेच, कारण जांघेच्या किंचित वर, पोटाच्या स्नायूंच्या थरांतून तिरका उतरणारा, प्रौढांत सुमारे ४ सेंमी लांबीचा ‘वंक्षण-नाल’ हा पुरुषांत वृषणरज्जूचा, म्हणजे वृषणाच्या रक्तवाहिन्या आणि शुक्रवाहिनी यांच्या जुडग्याचा मार्ग असतो, आणि त्याच वाटेने आतडे खाली उतरले की अंतर्गळ होतो. सुश्रुतसंहितेत वृद्धीच्या, म्हणजे अंडकोशाच्या सुजेच्या, सात प्रकारांत हाच विकार ‘अंत्रवृद्धी’, म्हणजे शब्दशः ‘आतड्याची वाढ’, या नावाने येतो. पण आतडे वाढत नाही, घसरते, म्हणून ‘अंतर्गळ’ हा मराठी शब्दच अधिक नेमका ठरतो.