इलेक्ट्रिक कार घ्यावी का? हिंगणीतल्या घराचा हिशेब

जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर चार जण थांबले की गोष्ट पेट्रोलच्या भावावरून इलेक्ट्रिक कारवर जाते. एक जण म्हणतो, "चार्जिंगला खर्चच नाही." दुसरा म्हणतो, "बॅटरी गेली की गाडी भंगार." दोन्ही गोष्टी अर्धवट आहेत. सेलू तालुक्यातल्या हिंगणीसारख्या गावात राहणाऱ्या साध्या कुटुंबाला ही गाडी परवडते का, हे कागद-पेन घेऊनच ठरवावे लागेल.

किंमत

इलेक्ट्रिक गाडीवर १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे. लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून दोघींच्या किमतीतले अंतर पुन्हा वाढले. टियागो ईव्ही किंवा कॉमेट यांसारख्या लहान इलेक्ट्रिक गाड्या पूर्ण बॅटरीसह साधारण साडेसात-आठ लाखांपासून सुरू होतात. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मोटार वाहन कर माफ आहे आणि समृद्धी महामार्गावर टोलमाफीची तरतूद आहे. ही सूट धरूनही त्याच दर्जाच्या पेट्रोल गाडीपेक्षा अडीच लाख जास्त लागतील असे समजू. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खासगी कारला अनुदान नाही, हे आधीच लक्षात ठेवा.

किलोमीटरचा खर्च

बॅटरीचे माप किलोवॅट-तासात सांगतात. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचे एक युनिट. लहान गाडीची २४ युनिटांची बॅटरी असेल, तर चार्जिंगमधली गळती धरून एका युनिटात ६ किलोमीटर समजा. महावितरणचा घरगुती दर १०० युनिटांनंतर चढतो आणि ३०० नंतर आणखी चढतो. गाडी चार्ज केली की आपण वरच्या टप्प्यातच जाणार. म्हणून युनिटमागे १२ रुपये धरले, तर किलोमीटरला २ रुपये पडतात. पेट्रोल १०५ रुपये आणि गाडीचा अ‍ॅव्हरेज १७ धरला, तर किलोमीटरला ६ रुपयांच्या थोडे वर जाते. म्हणजे बचत साधारण ४ रुपये.

आता अडीच लाखांना ४ ने भागा. उत्तर येते ६२,५०० किलोमीटर. तेवढी गाडी चालेल तेव्हा जास्तीचे पैसे वसूल होतील.

रोज ६० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस नोकरी-धंद्यासाठी वर्ध्याला ये-जा असेल, तर साडेतीन वर्षांत वसुली होते. पण गाडी आठवड्याला बाजार, महिन्याला दवाखाना आणि अधूनमधून निकाह-वलीम्यालाच निघत असेल, तर वर्षाला ५,००० किलोमीटरही होत नाहीत. मग साडेबारा वर्षे लागतील. बॅटरीची वॉरंटी मात्र बहुतेक कंपन्या ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरच देतात.

रेंज आणि आपला उन्हाळा

कंपनीने सांगितलेल्या रेंजचा दोन तृतीयांश भाग खरा धरा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असतो आणि एसी बंद ठेवता येत नाही. कागदावर २२५ असेल तर हातात १५० येतात. हिंगणीहून नागपूरला ताजबागला जाऊन परत यायचे म्हणजे शहरातले फिरणे धरून तेवढेच होते, म्हणजे काठावरचे गणित. कागदावर ३०० च्या आसपास रेंज असलेली गाडी घेतली तर जीव टांगणीला लागत नाही. लांबच्या प्रवासात फास्ट चार्जरवर तासभर थांबण्याची तयारी ठेवा. ते चार्जर चालू आहे का, हे निघण्याआधी मोबाइलवर बघा. उन्हातून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नका, सावलीत थोडी थंड होऊ द्या.

घरचा प्लग

गावात घरचा १५ अँपिअरचा प्लग हाच खरा चार्जर. लहान गाडी त्यावर रात्रभरात भरते. त्यासाठी सुमारे ३ किलोवॅटचा भार लागतो. आपल्या बिलावर 'मंजूर भार' बघा. तो १ किलोवॅट असेल तर आधी वाढवून घ्या, स्वतंत्र वायर टाका आणि अर्थिंग तपासून घ्या. गाडी गल्लीत उभी राहत असेल आणि खिडकीतून एक्स्टेंशन ओढावे लागत असेल, तर हा विचार सोडलेला बरा. छतावर सोलर बसवता येत असेल तर गणित बदलते. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे.

कर्ज आणि बॅटरीचे भाडे

आपल्यातली बरीच घरे सूद टाळतात आणि जमवलेल्या पैशातूनच गाडी घेतात. इलेक्ट्रिक गाडी आधी जास्त पैसे मागते आणि बचत नंतर हळूहळू देते, त्यामुळे या घरांना अडचण जास्त. म्हणून काही कंपन्यांची 'बॅटरी भाड्याने' योजना ऐकायला बरी वाटते. गाडी स्वस्त मिळते, बॅटरीचे पैसे किलोमीटरप्रमाणे द्यायचे. पण हे भाडे अडीच-तीन रुपये असले आणि त्यात वीज मिळवली, की चार रुपयांच्या बचतीतले फारसे उरत नाही. शिवाय दरमहा किमान किलोमीटरची अट असू शकते. नाव भाड्याचे असले तरी आत फायनान्स कंपनीचे कर्ज असू शकते. करारपत्र पूर्ण वाचा, समजत नसेल तर वाचून घ्या. शंका राहिली तर सही करण्याआधी आलिम साहेबांना तोच कागद दाखवा.

मग घ्यावी कोणी?

रोजचे ५०-६० किलोमीटर ठरलेले, स्वतःचे अंगण, पुरेसा वीजभार आणि हातात रोख असेल, तर इलेक्ट्रिक कार जरूर घ्या. यातली एक गोष्ट नसेल तर थांबा. घरची मुलगी सेलूला कॉलेजला जाते किंवा आपली रोजची ड्यूटी वीस किलोमीटरवर आहे, एवढीच गरज असेल, तर इलेक्ट्रिक स्कूटर ते काम कितीतरी कमी पैशात करते. शेजाऱ्याने घेतली म्हणून लेकरांच्या फीचे पैसे गाडीत घालू नका. महिनाभर वहीत रोजचे किलोमीटर लिहा. महिन्याच्या शेवटी ती वहीच सांगेल, इन्शाअल्लाह.