लष्करातला जागर

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस पसरलेल्या वस्तीला आजही 'लष्कर' म्हणतात, कारण दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये उज्जैनहून आपला मुक्काम तेथे हलवला तेव्हा उभे राहिले ते शहर नव्हते, फौजेचा तळ होता. मराठीत छावणीला 'गोट' म्हणतात, तोच शब्द 'चिटणीस की गोठ' यासारख्या मोहल्ल्यांच्या नावांत हिंदी वळण घेऊन टिकलेला दिसतो. या तळाच्या मध्यभागी, आजच्या महाराज बाड्याला लागून, गोरखीचा वाडा उभा राहिला. जयाजीरावांच्या कारकिर्दीत १८७४ मध्ये जयविलास राजवाडा बांधून झाला आणि पुढे गोरखीत शाळा व सरकारी कचेऱ्या आल्या, तरी शिंद्यांचे देवघर तेथेच राहिले. घराण्याचे प्रमुख दसऱ्याची पूजा अजून तेथे करतात, आणि महादजी शिंद्यांनी गुरुस्थानी मानलेल्या बीडच्या मन्सूर शाह या सूफी साधूचे स्थानही गोरखीतच आहे.

आश्विनातील घटस्थापनेपासून पौर्णिमेपर्यंतचा पंधरवडा मराठी घरांत जागराचा असतो. जागर म्हणजे देवतेसमोर रात्र जागून काढणे. त्याचा सर्वांत घडीव प्रकार गोंधळ हा असून, तो नवरात्रात, तसेच लग्नकार्यानंतर कुळाचार म्हणून, म्हणजे कुळात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला विधी म्हणून घातला जातो. पाटावर वा चौरंगावर धान्याचा चौक भरतात, दिवटी पाजळतात आणि संबळ व तुणतुण्याच्या साथीने गोंधळी प्रथम देवदेवतांना एकेका गावाच्या नावाने बोलावतात: तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, वाडी रत्नागिरीचा जोतिबा. मग आख्यान रंगते आणि पहाटे आरतीने सांगता होते. आख्यान करमणुकीचे असेल, पण विधीचा गाभा या आवाहनात आहे, असे म्हणावेसे वाटते. मुलूख सोडून शेकडो कोस दूर आलेल्या समाजाला देऊळ सोबत नेता येत नाही. देवाचे नाव आणि त्याच्या गावाचे नाव मात्र नेता येते, आणि गोंधळाला त्याहून अधिक काही लागत नाही. स्वतः शिंदे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे. त्यांचे कुलदैवत जोतिबा, ज्याचे देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये नव्याने बांधले. त्यांच्या वंशजांना चंबळच्या मुलखात तो जोतिबा नावानेच हाक मारून आणावा लागणार होता.

दसऱ्यानंतर पाचव्या रात्री कोजागरी येते. मध्यरात्री लक्ष्मी 'को जागर्ति', म्हणजे 'कोण जागे आहे', असे विचारत फिरते, या समजुतीवरून हे नाव पडले. व्रतग्रंथांत या रात्री लक्ष्मी व ऐरावतावर बसलेला इंद्र यांची पूजा, नारळ-पोह्यांचा नैवेद्य आणि जागरणासाठी द्यूत सांगितले आहे. एरवी निंद्य ठरलेले फासे येथे धर्मकृत्य होतात, आणि शिपायांच्या तळावर ही आज्ञा पाळणे कोणाला जड गेले नसावे. थोरल्या अपत्याला ओवाळण्याचा विधीही याच रात्रीचा, त्याला 'आश्विनी' म्हणतात.

ग्वाल्हेर मात्र व्रजभूमीच्या शेजारी आहे. तेथे हीच पौर्णिमा कृष्णाच्या महारासाची 'शरद पूनम' असते. खीर रात्रभर चांदण्यात ठेवून सकाळी प्रसाद म्हणून खातात. मराठी घरी आटवलेल्या केशरी दुधात चंद्राचे प्रतिबिंब पाहून ते मध्यरात्रीच पितात. एक प्रथा चंद्राला रात्रभर काम करू देते, दुसरी माणसाला जागे ठेवते. लष्करातल्या ज्या गच्च्या एकमेकींना लागून आहेत, तेथे दोन्ही पातेली एकाच चांदण्यात असतात. फरक इतकाच की एकावर जाळीचे झाकण असते आणि दुसऱ्याभोवती पेले मांडलेले असतात.